कारणाचा रकाना

सोमवार, ८ सप्टेंबर २०२५

मधु म्हणाला, तुझं ऑफिस मला जेवताना नको, टीव्ही बघताना नको, तू ते वहीत लिहीत जा. बँकेतून रिटायर झाल्यापासून नवऱ्याला शांतता लागते आणि मला बोलल्याशिवाय अन्न पचत नाही. म्हणून ही वही. बघू किती दिवस टिकते.

आज तक्रार आली. कोलशेतच्या या कंपनीत मी अठरा वर्षं एच.आर. बघतेय. औषधांच्या बाटल्या बनवतो आम्ही. दोनशे माणसं, आणि कॅन्टीनच्या पाणचट उसळीपासून पार्किंगच्या भांडणापर्यंत सगळं माझ्याच टेबलावर येतं. पण असली तक्रार पहिलीच. लॅबमधल्या क्षिप्रा दळवीने दिली. तीन पानं, स्वच्छ मराठी अक्षर, एक खाडाखोड नाही.

क्षिप्राचे वडील सैन्यात सुभेदार, कोरेगाव तालुक्यातले. ते आता नाहीत. आई अरुणाचलची. पोरगी वाढली वर्तकनगरला, शाळा मराठी, बोलते माझ्यापेक्षा शुद्ध. पण चेहरा आईचा. लॅबचा प्रमुख विनीत तिला ‘चायना’ म्हणतो, तिचा रिपोर्ट हातात आला की ‘चायना माल, गॅरंटी नाही’ म्हणतो आणि सगळे हसतात. नवीन मुलांना सांगतो, हिच्याशी हिंदीत बोला. हे तर मलाही माहीत होतं, कोणाला माहीत नव्हतं? पुढे लिहिलंय की आठ वर्षांत एकाही क्लायंटसमोर तिला उभं केलं नाही, आणि जिला तिने काम शिकवलं तीच यंदा सिनिअर झाली.

मी म्हटलं, “अगं, माफी मागायला लावते मी विनीतला. दोन मिनिटांचं काम.”

“माफी नकोय मॅडम. मला क्लायंटसमोर का उभं करत नाहीत, त्याचं कारण कागदावर द्या. कामात कमी असेन तर तसं लिहा. मी सही करून घेईन.”

कारण कागदावर! आमच्याकडे लोक पगारवाढ मागतात, सुट्टी मागतात. कारण कोणी मागत नाही.

मंगळवार, ९ सप्टेंबर

विनीतशी बोलले. बिचारा पांढराफटक पडला. “ताई, मी तिला बहिणीसारखी मानतो. मस्करी करतो आपण एकमेकांची. मला नाही का टकल्या म्हणत सगळे?”

तो मला ताई म्हणतो त्याला कारण आहे. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मधुचा ऑक्सिजन उतरत चाललेला तेव्हा डोंबिवलीत एक बेड मिळत नव्हता. या माणसाने स्वतःची गाडी काढली, तोंडाला दोन मास्क बांधले आणि मधुला मागच्या सीटवर झोपवून पाच हॉस्पिटलं फिरला. त्याची बायको तेव्हा पोटुशी होती. तेव्हापासून दर भाऊबीजेला तो कोपरला आमच्या घरी येतो आणि मी त्याला ओवाळते. सख्खा भाऊ अमेरिकेतून फॉरवर्ड पाठवतो फक्त.

असा माणूस वाईट कसा असेल? त्याची जीभ सैल आहे, एवढंच.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

चौकशी म्हणजे साक्षीदार हवेत. लॅबमधली सगळी मुलं एकजात ‘आम्ही कानात हेडफोन घालतो’ म्हणाली. मारुतीकाका तेवढे बोलले. काका लॅबमध्ये काचेची भांडी धुतात, नमुने आणतात-नेतात. अकरा वर्षं झाली, पण कंत्राटावर.

“मॅडम, मी काय शिकलेला नाय. पन कान हायत मला. सायेब तिला चायना बोलतात ते रोजचंच. तिला मराठी येत नसतं तर एक वेळ बरं होतं, समजलं तरी नसतं.”

मग म्हणाले, “माझं नाव नको बाहेर जाऊ द्या. कंत्राटदार लय डेंजर मानूस हाय.”

“काका, माझ्यावर सोडा,” म्हटलं. त्यांनी जबाबाखाली सावकाश सही केली, मारुती या तीन अक्षरांना मिनिटभर घेतलं.

सोमवार, १५ सप्टेंबर

मुकुल सरांनी बोलावलं. मालकांचा मुलगा, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, पण आता सगळं तोच बघतो. म्हणाला, “मॅडम, डिसेंबरात परदेशी क्लायंटचं ऑडिट. त्यांच्या फॉर्मवर प्रश्नच असतो, भेदभावाची तक्रार चालू आहे का? मला तिथे ‘नाही’ लिहायचंय. घरातलं आहे, घरात मिटवा. तुमच्यासारखं मिटवणारं कोणी नाही.”

खरं सांगायचं तर बरं वाटलं ऐकून. अठरा वर्षांत एवढं तरी कमावलं.

साक्षीदार कोण, तेही त्याने विचारलं. मी फाईलच दिली. मारुतीकाकांचा जबाब वर होता. आता चौकशीच्या फाईलमध्ये जबाब नको तर काय कॅन्टीनचा मेनू लावू?

बुधवार, १ ऑक्टोबर, खंडेनवमी

आज मी जे केलं ते आमच्या धंद्यातल्या कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत!

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी मशिनं पुसून, हार घालून पूजा होते. लॅबमध्ये काटा आणि मायक्रोस्कोपलासुद्धा हळदकुंकू. उद्या दसऱ्याची सुट्टी, म्हणून सोनंही आजच वाटतात. मनात आलं, याच्याइतका चांगला दिवस कुठला? दसऱ्याला आपण वैऱ्यालाही सोनं देतो. विनीतला सकाळीच सांगून ठेवलं, पेढा तू भरवायचास. आरती झाली, सगळे जमलेले, मी क्षिप्राला हाताला धरून पुढे आणली. विनीतने तिला आपट्याचं पान दिलं, ‘सॉरी हं, काही चुकलं असेल तर’ म्हणाला आणि पेढा तिच्या तोंडापाशी धरला.

ती क्षणभर नुसती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने तोंड उघडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मुकुल सरांनी स्वतः फोटो काढला. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. लगेच तिला बेसिनकडे जाताना पाहिलं, हात धुवायला गेली असणार.

घरी येऊन मधुला सांगितलं. तो म्हणाला, “तू ना, युनोत पाहिजे होतीस.”

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

फोटो कंपनीच्या ग्रुपवर. खाली दीडशे हात जोडलेले. मी खुशीत चहा पीत होते, तर क्षिप्रा दारात.

“मॅडम, चौकशीचा निकाल कधी?”

“अगं, कसला निकाल? परवा मिटलं ना सगळं!”

“काय मिटलं?” आवाज अजिबात चढवला नाही तिने. “दीडशे माणसांसमोर सणाच्या दिवशी पेढा तोंडापाशी धरल्यावर मी काय करायचं होतं? हात झटकायचा? मग दुसऱ्या दिवशी म्हणाले असते, बघा, हिला आपली रीतभातसुद्धा कळत नाही. तुम्हाला माहीत होतं मी तोंड उघडणार.”

मला खरंच माहीत नव्हतं. म्हणजे, उघडेल असं वाटलेलं. पण तिला बरं वाटेल म्हणूनच केलं ना मी?

“मी तुम्हाला एकच गोष्ट मागितली होती,” म्हणाली आणि गेली. मला इतका राग आला! भलं करायला जावं आणि वर हे ऐकावं. चहा तसाच ओतून दिला.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

फाईल बंद. ‘परस्पर सामंजस्याने निकाली’ असा शेरा मी मारला, सोबत फोटो जोडला. मुकुल सर म्हणाले, कपाटात लावा फाईल.

मारुतीकाका कालपासून दिसले नाहीत. लॅबमध्ये विचारलं तर म्हणे कंत्राटदाराने माणूस बदलला. फोन केला, त्यांनी उचलला नाही. कंत्राटदार माणसं बदलतच असतो. गणपतीनंतर दर वर्षी बदलतो.

दर वर्षी नाही बदलत. हे मी कोणाला सांगतेय इथे?

शुक्रवार, १७ ऑक्टोबर, वसुबारस

सकाळी रजिस्टर्ड पोस्टाने वकिलाची नोटीस. अ‍ॅड. आसावरी, ठाणे कोर्ट. क्षिप्रातर्फे. कंपनी एक नंबर, विनीत दोन नंबर, आणि तीन नंबर मी. मी! संपूर्ण नाव, कोपरचा पत्ता, बिल्डिंगच्या नावासकट. लिहिलंय की या विषयातले सगळे ईमेल, मेसेज जसेच्या तसे जपून ठेवावेत.

बाथरूममध्ये जाऊन कडी लावून बसले आणि फोनवर विनीतचे जुने मेसेज उलटे वर वर सरकवत गेले. फेब्रुवारीत सापडला.

“ताई, १८ ला क्लायंट येतायत. क्षिप्राला त्या दिवशी रजेवर पाठव. चेहरा बघून उगाच प्रश्न येतात, कुठून माणसं भरता म्हणून.”

खाली माझा अंगठा.

मी सगळ्यांनाच अंगठा टाकते. वाढदिवसाला, पाणी येणार नाही याला, कोणाची आजी गेली त्यालासुद्धा एकदा चुकून टाकला होता. अंगठा म्हणजे वाचलं. एवढंच.

पण मग मी तिच्या टेबलाशी गेले होते ते आठवलं. “क्षिप्रा, तुझी रजा साठलीय गं, वाया जाईल. आईला घेऊन गावी जाऊन ये की.” किती गोड बोलले होते. ती परत आल्यावर माझ्यासाठी गावचा घेवडा घेऊन आली, दोन किलो. आम्ही आठ दिवस खाल्ला. मधु म्हणाला होता, काय शिजतो!

देवा, काय करून बसले मी.

गुरुवार, २३ ऑक्टोबर, भाऊबीज

दिवाळी कशी गेली माहीत नाही. चकल्या तळल्या, कशा झाल्या कोणास ठाऊक. नोटिशीचं मधुला सांगितलं, मेसेजचं नाही.

विनीत आला, दर वर्षीसारखा, नवा कुर्ता घालून. पाटावर बसला. मी ओवाळलं. तबकात त्याने ओवाळणी ठेवली. नवा कोरा मोबाईल, खोक्यासकट.

“ताई, तुझा किती जुना झालाय. आजच सुरू कर. जुना दे माझ्याकडे, मी एक्स्चेंजमध्ये टाकतो.”

मधु स्वयंपाकघरात फराळाचं ताट भरत होता. विनीत आवाज खाली आणून म्हणाला, “माझ्याकडून मी तो मेसेज काढलाय. पण तुझ्याकडे राहिला तर उपयोग नाही. ताई, दोन पोरं आहेत मला. नोकरी गेली तर या वयात कोण घेईल?” त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. खोटं नव्हतं ते.

“फोटो उतरवून घ्यायचेत रे आधी,” एवढंच सुचलं.

तो गेल्यावर मधुला सगळं सांगितलं. मधुने हातातली चकली ताटात ठेवली. मग म्हणाला, “सुमेधा, मी आज बसून चकली खातोय ती त्याच्यामुळे. तू एक मेसेज घालवू शकत नाहीस?”

मी रडले फक्त. रडण्याने काही होत नाही हेही माहीत होतं.

सोमवार, २७ ऑक्टोबर

कंपनीच्या वकिलांकडे मीटिंग. मुकुल सर, विनीत, मी. वकीलसाहेब गोड माणूस. मला म्हणाले, “मॅडम, तुमच्या वैयक्तिक फोनवर काय आहे हे मला सांगू नका. ते मी ऐकलं तर पंचाईत. मी कंपनीचा वकील आहे, तुमचा नाही.”

मी हसले. म्हटलं, एकच झालं ना. कोणीच हसलं नाही. मुकुल सर फोनमध्ये बघत बसले होते. बाहेर पडताना ते म्हणाले, “काही वैयक्तिक चुका झाल्या असतील तर कंपनी तरी काय करणार, मॅडम?”

वैयक्तिक. अठरा वर्षं मी या लोकांच्या वैयक्तिक चुका झाकत आले.

शनिवार, १ नोव्हेंबर

सगळा मूर्खपणा लिहून काढायचा तर हाही लिहायला हवा.

आपल्याकडे काही अडलं की आधी ओळख काढायची. रेशनकार्ड असो, शाळेचा प्रवेश असो, ओळख निघाली की अर्धं काम झालं. मीही काढली. ही अ‍ॅडव्होकेट आसावरी म्हणजे डोंबिवलीच्या आमच्या शाळेतली, माझ्या तीन वर्षं मागे, स्नेहसंमेलनाच्या नाटकात मी राणी आणि ती दासी. नंबर मिळवला, ‘शाळेतली सुमेधाताई बोलतेय’ म्हटलं, तिने सकाळची वेळ दिली. बहुतेक तिला आडनावावरून कळलं नाही, लग्नाआधीचं सांगितलं होतं मी.

मिटवून टाकू, एवढंच डोक्यात. घरची भाकरवडी घेऊन गेलेले. नाटकाच्या गप्पा झाल्या, ती हसली, मलाही मोकळं वाटलं आणि मी सुरूच झाले. “अगं, क्षिप्राची नोटीस तू पाठवलीस ना, ती तीन नंबर मीच. त्या मेसेजवर मी नुसता अंगठा टाकलेला गं. लिहिलं तर विनीतने होतं.”

आसावरीचा चेहराच बदलला. तिने डबा बंद करून माझ्याकडे सरकवला.

“ताई, थांबा. आता एक शब्दही बोलू नका. मी समोरच्या बाजूची वकील आहे, तुम्ही आधी सांगायला हवं होतंत. तुम्ही तुमचा वकील करा, आजच्या आज.” मग हळूच, “आणि कुठला मेसेज, हे मी आता विचारणार नाही. पण ऐकलं नाही, असं मला म्हणता येणार नाही.”

म्हणजे त्यांना मेसेजचा पत्ताच नव्हता! मी स्वतःच्या पायाने चालत जाऊन सांगून आले. जिन्यात बसून राहिले तो डबा मांडीवर घेऊन. एक बाई म्हणाली, पाणी आणू का.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

शेवटी स्वतःचा वकील. कल्याणला, कोर्टाजवळच, साईनाथ नावाचे. मधु बरोबर आला नाही. भाऊबीजेपासून तो माझ्याशी कामापुरतं बोलतो.

साईनाथनी सगळं ऐकलं. पहिला प्रश्न, “फोन पुसलाय?”

“नाही.”

“मग पुसू नका. नवीनही वापरू नका. नोटीस आल्यावर पुसलात तर ते सगळ्यांत वाईट.” कायदा काय म्हणतो विचारलं, तर म्हणाले खाजगी कंपनीत चेहऱ्यावरून, वंशावरून डावललं म्हणून थेट बोट ठेवावं असा एकच कायदा नाही, आहे त्यातूनच त्या मुलीची वकील वाट काढणार, वर्षं लागतील. “तुम्हाला काय वाचवायचंय ते आधी ठरवा. नोकरी आणि तुमचा तो भाऊ, दोन्ही वाचवून देणारा वकील निदान मी तरी नाही.”

मी विचारलं, “आणि क्षिप्रा?”

ते म्हणाले, “ती तुमच्या यादीत आहे हे तुम्ही आत्ता पहिल्यांदा बोललात.”

चिडले मी. फी भरून बोलणी खायची. पण परतताना तेच डोक्यात फिरत राहिलं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

कोलशेत रोडला रिक्षा थांबली होती, तर नव्या टॉवरच्या गेटवर वॉचमनच्या कपड्यात मारुतीकाका. मी उतरले. त्यांनी सवयीने नमस्कार केला, त्यानेच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“काका, मी नाव नव्हतं देणार हो. फाईलमध्ये राहून गेलं.”

“ऱ्हाऊ द्या मॅडम. इथं बारा तास उभा ऱ्हायला लागतं, तेवढंच. पाय सुजतात.” मग त्यांनीच विचारलं, “त्या पोरीला मिळाला का कागुद?”

मी नाही म्हटलं. मागून एक गाडी हॉर्न द्यायला लागली तसे ते गेट उघडायला गेले.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

क्षिप्राचा राजीनामा. दोन ओळी. नोटीस पीरियड एक महिना, रजा वळती करून अठ्ठावीसला शेवटचा दिवस.

“दुसरीकडे मिळाली का गं?” विचारलं.

“नाही.” ती माझ्या टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत होती. “आई म्हणते, तू ऑफिसातून आलीस की आरशासमोर उभी राहतेस आणि माझ्याकडे बघत नाहीस. मॅडम, माझ्या आईने बत्तीस वर्षं इथे काढली. भाजीवाल्यापासून सगळ्यांचं ऐकून घेतलं, कधी रडली नाही. परवा रडली. म्हणाली, माझा चेहरा तुला दिला, ही माझीच चूक.”

मी उठून तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेले. ती मागे सरकली.

“केस चालू राहील. आसावरी मॅडम म्हणाल्या काहीतरी मेसेज आहे. मी त्यांना म्हटलं, एच.आर. मॅडमना त्यात नका धरू, त्यांनी मला निदान रजा तरी प्रेमाने दिली.”

बोलायची ती वेळ होती, आणि मी तिला रिलीव्हिंग लेटर कधी मिळेल ते सांगत बसले.

गुरुवार, २० नोव्हेंबर

ऑडिटचा फॉर्म आला. मुकुल सरांनी ‘नाही’वर खूण करूनच पाठवलाय, सही तेवढी माझी. ड्रॉवरमध्ये ठेवला आहे. रोज विचारतात. रोज म्हणते, करते.

विनीतचा फोन, तीनदा. नवा मोबाईल अजून खोक्यातच आहे. मधुने आज तो कपाटातून काढून माझ्या उशीवर ठेवला. माझ्याकडून बीपीची गोळी दोनदा घेतली गेली चुकून.

मी काही केलं तरी कोणाचा तरी घात होणार. विनीतची पोरं डोळ्यांसमोर येतात. मग वर्तकनगरची ती क्षिप्राची आई येते, जिला मी कधी पाहिलंही नाही. कोणीतरी मला सांगा ना, काय करू? जो तो सांगतो, मी तुमचा नाही.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

कंपनी सोडणाऱ्याचा एक फॉर्म असतो. लॅपटॉप दिला, आयकार्ड दिलं, लॉकरची किल्ली दिली. सगळ्यांत खाली रकाना, ‘सोडण्याचे कारण’. तो माणसाने नाही, एच.आर.ने भरायचा. अठरा वर्षं मी तिथे एकच लिहीत आले, ‘वैयक्तिक’. एक जण फोरमनच्या मारामुळे गेला होता, तोही वैयक्तिक. एक मुलगी कशामुळे गेली ते मी इथेही लिहिणार नाही. तिचंही वैयक्तिकच.

क्षिप्रा समोर बसली होती, बॅग मांडीवर. मी पेन उचललं आणि ‘वै’ लिहिलं. पुढे हात जाईना. पाच मिनिटं गेली असतील. तिने विचारलं, “मॅडम, बरं वाटत नाहीये का?”

मी ‘वै’ खोडला. तारीख घातली. विनीतचा मेसेज फोनमधून बघून शब्दन् शब्द उतरवला, चेहऱ्यासकट. खाली लिहिलं, ‘यास मी अंगठ्याचे चिन्ह पाठवून संमती दिली आणि श्रीमती दळवी यांना खरे कारण न सांगता रजेवर पाठवले. कामातील उणीव: नाही.’ रकाना संपला, मी समासात लिहिलं. सही केली, शिक्का मारला, झेरॉक्स काढून तिच्या हातात दिली. ऑडिटचा फॉर्म ड्रॉवरमधून काढला, मुकुल सरांची ‘नाही’वरची खूण खोडून ‘हो’ केलं आणि त्यांच्या टेबलावर ठेवून आले.

हे चांगुलपणाने केलं की साईनाथ वकिलांनी घाबरवलं म्हणून, मला नाही सांगता येत. दोन्ही असेल. सोमवारपासून येऊ नका, असं तासाभरात कळलंच. विनीतचा मेसेज आला, एकच शब्द, “ताई?” त्यावर मी काहीच पाठवलं नाही. मधुला अजून सांगायचंय.

पण आधी क्षिप्राचं. तिने कागद वाचला. एकदा वाचला, मग ‘रजेवर पाठवले’ या ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचला. मला वाटत होतं ती रडेल, किंवा माझ्यावर ओरडेल, आणि दोन्हींची माझी तयारी होती. तिने कागदाची नीट चौघडी घातली.

“घेवडा आईने निवडून दिला होता तुमच्यासाठी,” ती म्हणाली. “हे मला सप्टेंबरात दिलं असतंत ना मॅडम, तर मी नोकरी सोडली नसती. कोर्टातही गेले नसते.”

मी पेनाला टोपण लावलं.

दारापर्यंत जाऊन ती वळली. “मारुतीकाकांच्या फॉर्मवर काय कारण लिहिलंत?”

मला सांगावं लागलं की कंत्राटावरच्या माणसाचा फॉर्मच नसतो.